अक्षराला एक चौकोन

कामं भराभर कशी उरकायची, यावर हल्ली ढिगाने पुस्तकं निघतात. पहाटे पाचला उठा, याद्या करा, अमुक ॲप उतरवून घ्या, तमुक रंगाच्या चिठ्ठ्या भिंतीला लावा. उदाहरणं बहुधा जपानमधल्या मोटार कारखान्यांची, नाहीतर अमेरिकेतल्या कंपन्यांची. त्यात वावगं काही नाही. पण कामाची घडी बसवणं म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चोख उदाहरण पुण्यातलं आहे, आणि ते जुन्या पोथ्या ताडून पाहण्याच्या कामातलं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पूर्ण केली. सत्तेचाळीस वर्षं! ऐकून कुणी म्हणेल, की यात झपाट्याने काम करण्याचा धडा तो कसला? म्हणून आधी काम केवढं होतं ते पाहिलेलं बरं.

आपण 'महाभारत' असं एकवचनात म्हणतो. पोथ्यांच्या कपाटापाशी गेलं की ते अनेकवचन होतं. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी एक सांगते, बंगालची दुसरं, केरळातली मल्याळम लिपीतली तिसरंच. उत्तरेकडचा पाठ आणि दक्षिणेकडचा पाठ यांत तर इतका फरक, की कितीतरी ठिकाणी श्लोकच्या श्लोक वेगळे. वाचता वाचता, नकलून काढता काढता, कीर्तनात-पुराणात सांगता सांगता शतकानुशतकं भर पडत गेलेली. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर या मूळच्या कोपरगावकडच्या पंडिताने काशीत बसून निरनिराळ्या पोथ्या जमवल्या, आपल्या पसंतीचा पाठ ठरवला आणि त्यावर टीका लिहिली. पुढे छापखान्यांच्या काळात मुंबईत हाच पाठ छापला गेला आणि घरोघरी तेच महाभारत झालं. अभ्यासकांना मात्र हवं होतं ते वेगळं: आज हाती असलेल्या पोथ्यांवरून मागे मागे जात, जास्तीत जास्त जुनं रूप कोणतं सिद्ध करता येतं?

ही मागणी पुण्यात नव्हे, युरोपात प्रथम झाली. मोरिझ विंटरनित्झ या विद्वानाने १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत ती लावून धरली. बर्लिनचे हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्यादाखल थोडा मजकूर छापूनही दाखवला. युरोपातल्या अकादम्यांच्या संयुक्त मंडळाचा आधार होता, नावाजलेली माणसं होती. पण काम रखडत गेलं, महायुद्ध आलं आणि सगळं बासनात गेलं.

पुण्याची संस्था ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झाली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी लाख रुपयांची देणगी जाहीर केली. आवृत्तीसाठी चित्रं काढायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. राजा चित्रकार होता. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा श्रीगणेशा झाला. पहिले संपादक नारायण बापूजी उत्गीकर. त्यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक चाचणी आवृत्ती काढली आणि ती देशोदेशीच्या विद्वानांकडे पाठवून दिली: पाहा, काय चुकतंय ते सांगा. सूचना आल्या, टीकाही आली. सबंध महाभारत अंगावर घेण्याआधी एका पर्वावर हात साफ करून घ्यावा, इतका व्यवहारीपणा संस्कृत पंडितांच्या कामात असेल असं सहसा कुणाला वाटत नाही.

ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकथनकर यांनी मुख्य संपादकपद हाती घेतलं. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहिलेले, परत येऊन पुरातत्त्व खात्यात काम केलेले. गणिती माणसाच्या हाती पोथ्यांचं काम आलं की काय होतं, ते महाभारताच्या कामातल्या रोजच्या तक्त्यात दिसतं.

तो तक्ता असा. मोठ्या कागदावर चौकोन आखलेले. सर्वांत वरच्या ओळीत छापील, म्हणजे नीलकंठी पाठातला एक श्लोक लिहायचा, तोही एकेक अक्षर सुटं करून. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात चार चरण, प्रत्येक चरणात आठ अक्षरं. म्हणजे बत्तीस चौकोन भरले. त्याखाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. पोथीला नाव म्हणून एक आद्याक्षर आणि एक आकडा: बंगाली लिपीतल्या पोथीला 'बी', मल्याळममधल्या पोथीला 'एम', मग १, २, ३. आता शास्त्रीबुवांनी पोथी समोर घ्यायची आणि जिथे तिच्यातलं अक्षर वरच्या अक्षरापासून वेगळं असेल, तिथेच, बरोबर त्या अक्षराखालच्या चौकोनात, ते वेगळं अक्षर लिहायचं. उजव्या अंगाला चार इंच रुंदीचा रकाना मोकळा सोडलेला: पोथीत खाडाखोड असेल, समासात कुणी काही लिहिलं असेल, एखादा श्लोक जास्तीचा असेल तर त्याची नोंद तिथे. जास्तीचा मजकूर फारच लांब असेल तर तो वेगळ्या कागदावर लिहून त्या जागी जोडायचा. या जोडकागदांना शोधपत्र म्हणत.

एवढंच. यात बुद्धीला दिपवणारं काही नाही. पण हा तक्ता समोर ठेवून जरा थांबा, म्हणजे त्यात काय काय आधीच ठरवून टाकलंय ते कळेल.

पहिली गोष्ट वरच्या ओळीची. नीलकंठी पाठ काही सुकथनकरांना उत्तम वाटत नव्हता. उलट, त्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. तरी तुलनेसाठी तोच घेतला, कारण तो छापलेला होता आणि सगळ्यांच्या हाती होता. माप घेताना पट्टी सर्वांत चांगली असण्यापेक्षा ती सगळ्यांची एकच असणं महत्त्वाचं. आपल्याकडे कितीतरी कामं 'आधी आदर्श नमुना ठरवू' म्हणून बैठकांवर बैठका घेत वर्षानुवर्षं अडकतात. इथे नमुना सदोष आहे हे माहीत असून तो वापरला, कारण तो निकाल नव्हता, निव्वळ मापाची पट्टी होती.

दुसरी गोष्ट रिकाम्या चौकोनांची. पोथी छापील पाठाशी जुळते तिथे काहीच लिहायचं नाही. त्यामुळे वेळ तर वाचलाच, पण संपादकाने तक्ता हाती घेताच उभ्या रकान्यांत नजर फिरवली की वाद कुठे आहे ते कळायचं. एखादा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा, म्हणजे तिथे काश्मीरपासून केरळपर्यंत सगळे एकमताने बोलतायत. एखाद्या रकान्यात गर्दी, म्हणजे तिथे डोकं लावायचं. बत्तीसपैकी अठ्ठावीस अक्षरांवर विचारच करावा लागला नाही, तर उरलेल्या चारांवर विचार करायला ताकद शिल्लक राहते.

काम किती होतं याचा ढोबळ अंदाज घ्या. आदिपर्वात सात हजारांच्या वर श्लोक. प्रत्येकी निदान बत्तीस अक्षरं. म्हणजे सव्वादोन लाख अक्षरं. ती चाळीस पोथ्यांशी ताडायची म्हटली तरी नव्वद लाख वेळा नजर एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जायची. आणि हे एक पर्व झालं, अशी अठरा. आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची माहिती संपादकांकडे होती, त्यांतल्या सत्तरेक तपासल्या गेल्या आणि साठ प्रत्यक्ष पाठ ठरवायला वापरल्या. सबंध आवृत्तीसाठी वापरलेल्या हस्तलिखितांचा आकडा १२५९ सांगितला जातो. कितीही तल्लख स्मरणशक्तीचा पंडित असला, तरी हे डोक्यात धरून करायचं काम नव्हे.

तिसरी गोष्ट माणसांच्या स्वभावाची, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. व्याकरण जाणणाऱ्या माणसाला पोथीत अशुद्ध रूप दिसलं की हात शिवशिवतो. 'हे लेखनिकाचं अज्ञान' असं मनाशी म्हणून तो बरोबर रूप लिहून मोकळा होतो. महाभारताचे इतके पाठभेद व्हायचं एक मोठं कारण हेच: प्रत्येक शतकातल्या कुणा ना कुणा शहाण्याने पोथी 'सुधारली'. तक्त्याने ही सोय काढून घेतली. पोथीत जे दिसतं तेच चौकोनात. तुमचं मत काय ते नको. मत देण्याचं काम संपादकाचं, तेही सगळे तक्ते भरून झाल्यावर. नोंद करणारा वेगळा आणि निवाडा करणारा वेगळा. शिवाय एका गटाने भरलेले तक्ते दुसऱ्या गटाने पोथीशी पुन्हा ताडून पाहायचे, आणि मगच ते संपादकाच्या टेबलावर जायचे. बँकेत नोकरी केलेल्याला हे लगेच ओळखू येईल: मेकर वेगळा, चेकर वेगळा, आणि स्वतःच्या नोंदीला स्वतः मंजुरी द्यायची नाही. शास्त्र्यांवर अविश्वास होता म्हणून हे केलेलं नाही. दिवसभर चौकोन भरून कुणाचाही डोळा थकतो, एवढंच त्यामागे गृहीत धरलेलं.

चौथी गोष्ट अंतराची. सगळ्या पोथ्या पुण्याला येणं शक्य नव्हतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या तंजावरलाच ताडल्या गेल्या, बंगाली पोथ्यांचं काम शांतिनिकेतनात झालं. आखणी एकच, नियम एकच, म्हणून तंजावरचा कागद पुण्याच्या कागदाशेजारी ठेवता आला. आज आपण याला 'रिमोट टीम' म्हणतो आणि त्यासाठी महिन्याला वर्गणी भरतो.

तक्ता भरला, पुढे काय? इथे पद्धतीचं राज्य संपतं आणि माणसाचं सुरू होतं. पण तेही मोकाट नाही. सुकथनकरांचा मुख्य नियम साधा होता. ज्या पोथ्यांच्या परंपरा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, त्या एखाद्या पाठावर एकमत झाल्या तर तो पाठ धरायचा. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी एकच शब्द देतात, तर तो जुना असण्याचा संभव मोठा, कारण त्यांनी एकमेकींची नक्कल केली असण्याचा संभव कमी. एकाच लिपीतल्या वीस पोथ्या एक सांगतात म्हणून त्यांची वीस मतं धरायची नाहीत. त्या एकाच घराण्यातल्या असतील तर मत एकच. जो भाग एका मोठ्या शाखेत अजिबातच नाही, तो मूळ संहितेतून बाहेर.

बाहेर म्हणजे केराच्या टोपलीत मात्र नव्हे. लहान वगळलेले उतारे तारांकित क्रमांक देऊन पानाच्या तळाशी छापले, मोठे उतारे परिशिष्टात. आणि जिथे संपादकाला स्वतःच्या निर्णयाची पुरती खात्री नव्हती, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ. वाचणाऱ्याला रेघ पाहूनच कळतं, की इथे संपादक साशंक आहे. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही नागमोडी रेघ उचलण्यासारखी आहे. आपण ठाम माहिती आणि अंदाज एकाच सुरात लिहितो आणि वरिष्ठ दोन्हींवर सारख्याच भरवशाने सही करतात.

या नियमाने काय काय झालं? व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेली. चिकित्सित आवृत्तीत ती परिशिष्टात गेली, कारण पोथ्यांची साक्ष तिच्या बाजूने पुरेशी नव्हती. गणपतीला परिशिष्टात पाठवायचा निर्णय पुण्यात व्हावा, ही गंमत आहेच. पण निर्णय कुणाच्या श्रद्धेवर किंवा अश्रद्धेवर ठरला नाही हे महत्त्वाचं. तक्त्यांवरून तो ठरला, आणि कुणाला पटत नसेल तर परिशिष्ट उघडून साक्ष तपासायची सोयही ठेवली.

ही सोय खरंच उपयोगी पडली. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही हे मोठे विद्वान. आवृत्तीचा पहिला भाग १९२७ साली निघाल्यानंतर त्यांनी परीक्षणात कामाची वाखाणणी केली आणि मूळ मुद्द्यालाच हरकतही घेतली. जुनं रूप शोधायच्या नादी लागू नका, नीलकंठी पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या, असा त्यांचा सल्ला. सुकथनकरांनी तो मानला नाही. पण ज्यांना लेव्ही यांचं म्हणणं पटतं, त्यांनाही हीच आवृत्ती लागते, कारण पाठभेद सगळे त्यातच आहेत. निष्कर्षाशी भांडणाऱ्यालाही ज्याच्या नोंदी उपयोगी पडतात, ते काम पक्कं.

परीक्षा एकदा बाहेरूनही झाली. आदिपर्व १९३३ साली पूर्ण छापून झाल्यावर नेपाळमधून एक जुनी पोथी उजेडात आली. राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे ती पाहायला मिळाली, आणि आदिपर्वाच्या तोवर माहीत असलेल्या पोथ्यांत ती सर्वांत जुनी ठरली. संपादकाच्या पोटात गोळा यावा असाच हा प्रसंग: चौदा वर्षांचं काम छापून मोकळे झालो आणि आता साक्षीदार आला. पण सुकथनकरांनी प्रक्षिप्त म्हणून वगळलेले अनेक उतारे त्या पोथीतही नव्हते. त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला, आणि तो वाचताना विद्वत्तेआड दडलेला आनंद लपत नाही.

मग या पद्धतीला मर्यादा नव्हत्या का? होत्या. पोथ्यांची वंशावळ शुद्ध नसते. एक लेखनिक दोन-तीन पोथ्या समोर ठेवून सोयीचं घेतो, आणि मग कोण कुणाचा वंशज ते सांगता येत नाही. महाभारतात ही सरमिसळ इतकी, की युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडवलेली रीत जशीच्या तशी लावता आली नाही. सुकथनकरांना तिला मुरड घालावी लागली. कितीतरी जागी दोन्ही पाठ तोलामोलाचे निघाले आणि शेवटी संपादकाच्या कानावर, त्याच्या भाषेच्या जाणिवेवर सोडावं लागलं. चौकोन आखून जाणीव तयार होत नाही. आणि पैशाची चणचण तर कुठल्याच तक्त्याने सुटत नाही. देणग्या आणि अनुदानं मिळवण्यात संस्थेची बरीच शक्ती गेली.

उत्पादकतेवरची पुस्तकं इथे फसवतात असं मला वाटतं. पद्धत लावली की काम सोपं होतं, असं ती सांगतात. पुण्याच्या तक्त्याने काम सोपं केलं नाही. कंटाळवाणं काम कंटाळवाणंच राहिलं. तक्त्याने फक्त कंटाळवाण्या भागाची आणि अवघड भागाची फारकत केली, म्हणजे एकाचा थकवा दुसऱ्याला बाधू नये. हे कुणालाही करता येण्यासारखं आहे. परीक्षेचे गठ्ठे तपासणारे अनुभवी शिक्षक एक पेपर पूर्ण तपासून दुसरा घेत नाहीत. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. प्रत्येक प्रश्नाची पट्टी एकदाच डोक्यात बसवावी लागते, आणि आधीच्या उत्तरावर खूश होऊन पुढच्याला जास्त गुण दिले जात नाहीत. आपल्या कामातला कुठला भाग चौकोनात बसतो आणि कुठला बसत नाही, एवढं एका कागदावर वेगळं लिहिलं तरी अर्धी घडी बसते. उरलेली अर्धी, म्हणजे चौकोनातल्या भागात आपली अक्कल न चालवणं, ती मात्र अवघड.

पद्धतीची खरी कसोटी २१ जानेवारी १९४३ रोजी लागली. मुंबई विद्यापीठात महाभारतावरची व्याख्यानमाला चालू असताना, ती पुरी व्हायच्या आतच, सुकथनकर गेले. वय पंचावन्न. आदि आणि आरण्यक ही दोन पर्वं त्यांनी स्वतः संपादली होती, विराट आणि उद्योग ही पर्वंही निघाली होती. बहुतेक ग्रंथ अजून बाकी होता. एका माणसाच्या बुद्धीवर उभी असलेली कामं अशा दिवशी थांबतात. हे थांबलं नाही. आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत सुकथनकरांनी पोथ्या कशा निवडल्या, तक्ते कसे भरले, कुठल्या नियमाने पाठ धरला, सगळं लिहून ठेवलेलं होतं. श्रीपाद कृष्ण बेलवलकर मुख्य संपादक झाले, १९६१ नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. निरनिराळी पर्वं निरनिराळ्या हातांनी संपादली: विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. रा. ना. दांडेकर, ह. दा. वेलणकर, रा. द. करमरकर अशी पुढची मंडळी. स्वभाव आणि मतं वेगवेगळी, तरी पान उघडलं की रचना तीच: वर संहिता, खाली पाठभेद.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकोणीस खंड. त्यानंतर हरिवंश याच पद्धतीने झाला, आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची चिकित्सित आवृत्तीही याच वाटेने १९७५ साली पुरी केली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' लिहिताना आधाराला घेतलं ते हेच पुण्याचं महाभारत.

आपल्याकडे या आवृत्तीचा अभिमान बाळगणारे पुष्कळ, उघडून पाहणारे थोडे. जवळच्या मोठ्या ग्रंथालयात आदिपर्वाचा खंड मिळाला तर मागून घ्या. संस्कृत येत नसेल तरी चालेल. पानाच्या वरच्या भागात थोडे श्लोक दिसतील आणि खाली बारीक टायपात ओळींमागून ओळी. तो खालचा भाग नीट पाहा. काम तिथे झालेलं आहे.